गॅस की इंडक्शन? हिशेब युनिटचा आणि महापुराचाही

सिलिंडरचा दर वाढला, की इंडक्शन शेगडीची चौकशी सुरू होते. सातारा, सांगलीकरांसाठी मात्र हा प्रश्न केवळ दराचा नाही.

आधी दराचे पाहू. 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरमधील उष्णता सुमारे 180 युनिट विजेइतकी भरते. चांगल्या शेगडीतही त्यातील 65 टक्क्यांच्या आसपासच भांड्याला लागते. उरलेली स्वयंपाकघर तापवते. इंडक्शनमध्ये चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा तळच तापतो आणि सुमारे 85 टक्के ऊर्जा कामी येते. म्हणजे एका सिलिंडरचे काम साधारण 140 युनिटांत होते. सिलिंडरच्या किमतीला 140 ने भागावे; येणाऱ्या आकड्यापेक्षा वीज स्वस्त असेल, तरच इंडक्शन परवडते. सिलिंडर 910 रुपयांचा धरल्यास हा आकडा साडेसहा रुपये येतो.

गफलत होते ती बिलाच्या टप्प्यांत. महावितरणचा पहिल्या 100 युनिटांचा दर कमी, पुढचा बराच चढा. फ्रिज, पंख्यांनीच ते 100 युनिट संपत असतील, तर इंडक्शनचे सारे युनिट वरच्या दराने पडतात. वहन आकार आणि वीज शुल्क वेगळेच. छतावर सौर पॅनेल असून वीज शिल्लक राहत असेल, तर गणित अर्थातच उलटते.

भांड्यांचाही विचार हवा. जर्मन, तांब्या-पितळेची भांडी साध्या इंडक्शनवर चालत नाहीत. तळाला चुंबक चिकटला पाहिजे. सपाट बिडाचा तवा चालतो, पण ज्वारीची भाकरी आचेवर फुगवणे आणि भरताचे वांगे भाजणे, दोन्ही मुकते. 2000 वॉटच्या शेगडीला 16 अँपिअरचा प्लग व योग्य अर्थिंग लागते. जुन्या वाड्यांतील वायरिंग आधी तपासून घ्यावे.

आता महापूर. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा पूरग्रस्त भागातील वीज सुरक्षिततेसाठी कित्येक दिवस बंद होती. कोयनेचा 1,960 मेगावॉटचा प्रकल्प शेजारीच आहे. त्याच पाटण तालुक्यात वादळी पावसात वीज जाते, हा विरोधाभास स्थानिकांना नवा नाही.

म्हणून गॅस जोडणी ठेवून दूध, चहा, भातासाठी एक इंडक्शन घेणे आम्हाला अधिक व्यवहार्य वाटते. नदीकाठच्या घरांनी पाणी चढू लागताच रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर वरच्या मजल्यावर उभा ठेवावा.