विजय चौकातील सायंप्रार्थना

प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यांची सांगता दिल्लीत २९ जानेवारीच्या सायंकाळी, विजय चौकात सेनादलांच्या वाद्यवृंदांनी होते. तेथे कित्येक दशके ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती स्तोत्र वाजत असे. १८४७ साली वारलेल्या हेन्री फ्रान्सिस लाइट या धर्मोपदेशकाने रचलेली ती दिवस मावळतानाची प्रार्थना गांधीजींना अत्यंत प्रिय. आणि त्यांची पुण्यतिथी दुसऱ्याच दिवशी!

२०२२ साली ते स्तोत्र गळले व ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आले. चाल आपल्या चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची, १९६३ साली लताबाईंनी ते दिल्लीतच गायिले. मराठी मन सुखावते खरे. परंतु हुतात्म्यांचे स्मरण निराळे, देवाजवळची विनवणी निराळी. सूर भारतीय हवेत, हेही समजते. तथापि स्वदेशीच्या त्या आचार्याला हे स्तोत्र कधी परके वाटले नव्हते.