शिडीची शेवटची पायरी

माझ्या भाच्याने शिडाची छोटी होडी घेतली आहे. पाण्यातून वर चढायला तिला दोरीची शिडी लावू की स्टीलची, असं तो मला विचारत होता. होड्यांतलं मला फारसं कळत नाही. पण शिडी म्हटलं की मला माझी दादी आणि जेद्दा आठवतं.

दादा-दादी 1930 च्या दशकात मुंबईहून आगबोटीने हजला गेले. मुंबईत धक्क्यावरून फळीने सरळ बोटीत चढले. जेद्द्याला मात्र बोट लागेल असा धक्काच नव्हता, तो झाला 1950 च्या सुमारास. किनाऱ्याबाहेर प्रवाळाचे खडक, म्हणून आगबोट दूर नांगर टाकी आणि संबूक नावाच्या शिडाच्या होड्या हाजींना न्यायला येत. तसं आपल्या कोकणातही आगबोट बाहेर उभी राही आणि पडावातून जाऊन तिच्यावर चढावं लागे. दादीला ती सवय होती. पण इथे उतरायचं होतं, तेही इहरामात.

हिंदुस्थानातून समुद्रमार्गे जाणारे हाजी यलमलमच्या समोर, म्हणजे भर समुद्रातच, इहराम बांधत. त्यामुळे शिडी उतरताना दादांच्या अंगावर न शिवलेली दोन वस्त्रं. एक हात शिडीला, दुसरा खांद्यावरून घसरणाऱ्या चादरीला. खाली होडी लाटेबरोबर वर-खाली होणारी. लाट तिला वर आणते त्याच क्षणी पाय टाकायचा. चुकलात तर ती पायाखालून निघून जाते. दादी शेवटच्या पायरीवर थिजून उभी राहिली. उभ्या जन्मात परक्या पुरुषाने जिचा हात धरला नव्हता, तिला एका खलाशाने दंडाला धरून आत ओढलं. हे ती म्हातारपणीही आवाज खाली आणूनच सांगायची.

याच किनाऱ्यावर 1183 साली अंदलुसचा इब्न जुबैर उतरला होता. लाल समुद्रापलीकडच्या ऐधाब बंदरातून तो जलबा नावाच्या होडीने आला. त्या होडीत एकही खिळा नाही. फळ्या काथ्याने शिवलेल्या. लाकूड हिंदुस्थानातून आणि यमनमधून आणलेलं. खडकांतून वाट काढणाऱ्या तांडेलांचं त्याने कौतुक केलं आहे, पण होडीमालकांवर तो चिडलेला आहे. खुराड्यात कोंबड्या कोंबाव्यात तसे हाजी भरायचे, एकाच फेरीत होडीची किंमत वसूल करायची, पुढे बुडाली तरी चालेल. साडेसातशे वर्षांनी आगबोटी आल्या, तरी गर्दीची तक्रार काही संपली नव्हती.

तर भाच्याची शिडी. दोरीची स्वस्त पडते, गुंडाळून ठेवता येते. पण पाण्यातून चढू लागलं की पाय होडीखाली सरकतात आणि अंग मागे कलतं. दमलेल्या माणसाला ते जमत नाही. मी त्याला घडीची स्टीलची घे म्हटलं, आणि पाण्यात पडलेल्याला ती खालूनच ओढून उघडता यावी. त्याने आणलीही. भरतीला अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरून पाहिलं, तर शेवटची पायरी जेमतेम पाण्याला टेकत होती. तिच्यावर पाय ठेवायला गुडघा छातीपर्यंत न्यावा लागत होता. दुकानदार म्हणाला, सगळे हीच नेतात. भाच्याने ती परत केली आणि पाण्याखाली दोन पायऱ्या जातील अशी मागवली. त्याच्या होडीत त्याची आईही बसणार आहे, आणि तिचे गुडघे दुखतात.