टोयोटा पिकअपच्या पुढील सस्पेन्शनमधील फेरबदल

टोयोटा पिकअप (जगात इतरत्र प्रचलित नाव: हायलक्स) या फोर व्हील ड्राइव्ह ट्रकचे पुढील सस्पेन्शन खडकाळ, वाळूच्या व उंचसखल वाटांसाठी बदलून घेण्याची प्रथा उत्तर अमेरिकेत रूढ आहे. १९८६ ते १९९५ या काळातील ट्रकांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष चर्चिला जातो. हे फेरबदल बहुधा गाडीची उंची वाढवण्यासाठी केले जातात. मात्र उंची आणि चाकाची वरखाली होण्याची क्षमता या दोन भिन्न गोष्टी असून त्यांची गल्लत झाल्यास खर्च वाया जातो आणि गाडीही असुरक्षित होते.

पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेत १९७९ ते १९८५ पर्यंत विकल्या गेलेल्या फोर व्हील ड्राइव्ह पिकअपला पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि लीफ स्प्रिंग, म्हणजे पाटे, असत. ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) या चित्रपटात नायकाला हवाहवासा वाटणारा काळा ट्रक याच पिढीतला आहे. १९८६च्या मॉडेलपासून कंपनीने तेथे स्वतंत्र सस्पेन्शन आणले. त्यात प्रत्येक पुढील चाक वरच्या व खालच्या अशा दोन भुजांवर तोललेले असते आणि स्प्रिंगचे काम टॉर्शन बार ही चासीला समांतर बसवलेली पोलादी दांडी करते. चाक वर उचलले गेले की दांडीला पीळ बसतो आणि तो पीळ चाकाला परत खाली दाबतो. रस्त्यावरची चाल त्यामुळे पुष्कळ सुधारली. खडकांत गाडी घालणाऱ्या चालकांना मात्र हा बदल रुचला नाही.

त्यांच्या नाराजीला कारण होते. अखंड अ‍ॅक्सलमध्ये एक चाक दगडावर चढले की अ‍ॅक्सल तिरका होतो आणि दुसरे चाक जमिनीकडे रेटले जाते. शिवाय डिफरन्शियल अ‍ॅक्सलवरच असल्याने त्याची जमिनीपासूनची उंची टायरच्या आकारावर ठरते व स्प्रिंग दबली तरी फारशी बदलत नाही. स्वतंत्र रचनेत डिफरन्शियल चासीला जोडलेले असते. सस्पेन्शन दबले की तेही जमिनीकडे येते.

टॉर्शन बार आवळणे

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टॉर्शन बारच्या टोकाचा बोल्ट आवळणे. पुढचा भाग तात्काळ वर येतो. परंतु याने दांडीचा कडकपणा वाढत नाही, केवळ भुजा आधीपेक्षा खाली झुकलेल्या अवस्थेत स्थिरावतात. त्यामुळे चाकाला खड्ड्यात उतरण्यासाठी जागाच उरत नाही, वरची भुजा थांब्याच्या रबरावर आपटते आणि मालकाला वाटते की स्प्रिंग कडक झाली. त्याचबरोबर सीव्ही जॉइंट तीव्र कोनात फिरू लागतात. त्यांवरची रबरी आवरणे फाटून ग्रीस बाहेर पडते, धूळ आत शिरते आणि सांधा निकामी होतो. फुकट मिळालेल्या उंचीची ही किंमत अनेकांना पुष्कळ उशिरा कळते.

वरची भुजा व बॉल जॉइंट यांच्यामध्ये धातूचा तुकडा बसवल्यास भुजा पुन्हा मध्यावर येते आणि चाकाला खाली उतरण्याची मुभा मिळते. अल्प खर्चाच्या उपायांत हा समंजस म्हणावा लागेल. तथापि सीव्ही जॉइंटच्या कोनाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

ब्रॅकेट संच व लांब भुजा

ब्रॅकेट संचात दोन्ही भुजांचे आधार आणि डिफरन्शियल एकत्र खाली आणले जातात. सांध्यांचे कोन जवळपास मूळचे राहतात व मोठे टायर बसतात. मात्र चाकाचा प्रवास पूर्वीइतकाच राहतो आणि डिफरन्शियलखालची मोकळी जागा केवळ टायर वाढल्यामुळे वाढते. दिसायला उंच, चालायला पूर्ववत असे या संचाचे वर्णन करता येईल.

लांब भुजांच्या संचाने चाकाचा प्रवास खरोखर वाढतो, कारण भुजा व अ‍ॅक्सल-शाफ्ट दोन्ही लांब असतात. गाडी रुंद होते. बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात वेगाने धावणाऱ्यांना हा उपाय मानवतो. अरुंद डोंगरवाटेवर तीच रुंदी अडचण ठरते.

अखंड अ‍ॅक्सल बसवणे

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातल्या रुबिकॉन ट्रेलसारख्या खडकाळ वाटांवर संथ गतीने चालणारे चालक स्वतंत्र सस्पेन्शनचे आधार चासीवरून कापून त्या जागी १९७९-८५च्या टोयोटाचा अ‍ॅक्सल व पाटे बसवतात. हे काम परतीचे नाही. वेल्डिंग कच्चे राहिल्यास धोका थेट चालकाच्या व सहप्रवाशांच्या जिवाला असतो. स्टीअरिंगची रचनाही बदलावी लागते. नवीन ट्रकच्या स्टीअरिंग बॉक्सची भुजा आडवी फिरते, त्यामुळे अ‍ॅक्सलला आडवा दांडा जोडता येतो. जुन्या रचनेतील पुढेमागे ढकलणाऱ्या दांड्यापेक्षा तो सरस मानला जातो, कारण पाटे दबताना स्टीअरिंग आपोआप वळण्याचा दोष कमी होतो. याच गुणामुळे जुन्या ट्रकांचे मालकही नवीन ट्रकचा बॉक्स शोधून बसवतात.

निवडीचे निकष

कोणताही फेरबदल करण्यापूर्वी मूळ भाग तपासणे आवश्यक असते. या ट्रकांच्या स्टीअरिंगमधील आयडलर आर्म लवकर झिजतो. तो सैल असताना उंची वाढवल्यास गाडी सरळ रेषेत राहत नाही. उंची बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करावे लागते आणि ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हे चाक पूर्ण खाली सोडून पाहावे लागते. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी कलंडण्याची शक्यताही वाढते. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि माफक उंची पुरेशी ठरते.

भारतातील स्थिती

महिंद्राच्या जुन्या जीपना पुढेमागे पाटे असत. २०१०च्या थारला पुढे टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन आले, तर २०२०च्या थारमध्ये त्याची जागा कॉइल स्प्रिंगने घेतली. त्यामुळे २०१०च्या थारच्या मालकांसमोर टोयोटाच्या मालकांसारखेच पर्याय उभे राहिले. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे फेरबदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदीला दुजोरा दिला.