आपापले ओझे

भाईंदर पश्चिमेला स्थानकाबाहेर उत्तनच्या बसची वाट पाहत आम्ही उभे होतो. रांगेत आमच्यापुढे एक परदेशी जोडपे होते. त्यांना गोराईच्या पॅगोडाकडे जायचे होते. दोघांच्याही पाठीवर डोक्याच्या वर निघालेल्या सॅक होत्या, आणि दोन्ही सारख्याच आकाराच्या. आमच्या मागे उभ्या असलेल्या एका आजींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" मग थोडे थांबून, "पण पोरीचं ओझं त्यानं घ्यायला नको का?"

त्याच रांगेत उत्तनच्या दोन-तीन कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन परतीच्या वाटेवर होत्या. सकाळी त्याच पाट्या मासळीने भरून डोक्यावरून आल्या असणार. त्या ओझ्याबद्दल आजी काही बोलल्या नाहीत. खरे सांगायचे तर आमच्याही ते घरी परतल्यावरच ध्यानात आले.

बाईच्या डोक्यावरचे ओझे आपल्या डोळ्यांना खुपत नाही. तिच्या पाठीवर तिचे स्वतःचे ओझे दिसले, आणि ते घेऊन ती एका पुरुषाच्या बरोबरीने परमुलुख पाहत चालली असली, की मात्र आपण थबकतो. असे का व्हावे, याचा शोध घेताना आम्ही मराठीतल्या काही जुन्या प्रवासांकडे वळलो. नवराबायकोने मिळून देश पालथा घालणे ही गोष्ट आपल्याकडे खरोखर किती नवी आहे, आणि त्या प्रवासात ओझे कोण वाहत होते, असा आमचा साधा प्रश्न होता.

मराठी माणसाच्या हिंदुस्थानातील भटकंतीचे नाव काढले की प्रथम आठवतो तो विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. तरीही गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी पोचले आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. १८८३ च्या सुमारास त्यांनी ही हकीकत लिहून काढली आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ती प्रसिद्ध केली. या प्रवासात सोबत आहे ती काकांची. काका आणि पुतण्या देश पाहतात, घरच्या बायका वाट पाहतात. त्या काळी लांबच्या प्रवासाची रीत पुष्कळदा अशीच होती. बाई घराबाहेर पडे ती सासरी, माहेरी, नाहीतर उतारवयात काशीला.

परंतु हे विधान करून स्वस्थ बसावे, तर एक जोडपे त्याच्या आड येते. गोडसे भटजी उत्तरेत फिरत होते त्याच सुमारास अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई हे दांपत्य दक्षिणेत बिऱ्हाड हलवत होते.

अनंतशास्त्री मूळचे कर्नाटकातल्या कारकळजवळच्या माळ या गावचे चित्पावन ब्राह्मण. विद्यार्थिदशेत ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकले. साठे दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवत. ते पाहून आपणही बायकोला शिकवायचे, असे या तरुण शिष्याने ठरवले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यानंतर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, यात्रेत गोदावरीच्या काठी त्यांची एका यात्रेकरूशी गाठ पडली आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीशी दुसऱ्या दिवशी त्यांचे लग्न झाले. मुलीचे वडील आपल्या वाटेने पुढे गेले, आणि ती मुलगी अनोळखी नवऱ्यामागून शेकडो मैल दूरच्या घरी निघाली. हा तिचा पहिला प्रवास. त्यात तिची इच्छा कोणी विचारली नव्हती, हे विसरून या दांपत्याचे गुणगान करणे आम्हांला पटत नाही.

तथापि पुढची गोष्टही तितकीच खरी आहे. अनंतशास्त्र्यांनी तिला संस्कृत शिकवले. समाजाने जाब विचारला तेव्हा उडुपीच्या पंडितांपुढे उभे राहून, स्त्रीला शिकवणे शास्त्राविरुद्ध नाही, हे ग्रंथांच्या आधारे मांडले. मग गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांची धाकटी मुलगी जन्मली. येणाऱ्याजाणाऱ्या यात्रेकरूंच्या आदरातिथ्यात होते नव्हते ते संपले, आणि मूल सहा महिन्यांचे असतानाच या कुटुंबाने डोंगर सोडला. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून खाली उतरवण्यात आले. आपल्या यात्रेकरू आयुष्याचा आरंभ तेथे झाला, असे त्या मुलीने, म्हणजे पंडिता रमाबाईंनी, पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे.

त्यानंतरची सुमारे सोळा वर्षे हे कुटुंब चालत राहिले. देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचे, श्रोते जे ठेवतील त्यावर गुजराण करायची, आणि पुढच्या तीर्थाकडे निघायचे. चार भिंतींचे घर नव्हते, पण शाळा मोडली नव्हती. वडील थकले, त्यांची दृष्टी अधू झाली, तेव्हा मुलीला शिकवण्याचे काम आईने उचलले. नवऱ्याने दिलेली विद्या तिने वाटेवर मुलीच्या हाती सोपवली. संस्कृत न शिकलेली बायको नवऱ्यामागून चालली असती, तर आजच्या भाषेत ती केवळ सोबतीण ठरली असती. लक्ष्मीबाई त्या प्रवासाच्या अर्ध्या वाटेकरी होत्या, असे आम्हांला वाटते ते यामुळे.

शेवट फार कठीण झाला. दुष्काळात जवळचे सारे विकून झाले. १८७४ साली प्रथम वडील आणि थोड्याच काळात आई उपासमारीने गेली. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, भाऊ श्रीनिवास आणि चौथी खांदेकरी स्वतः रमाबाई. स्मशान काही मैल दूर होते. रमाबाईंची उंची इतरांपेक्षा कमी, त्यामुळे खांदा पुरेना, आणि आपल्या वाटचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. पेटाऱ्यातून निघालेली मुलगी सोळाव्या वर्षी आईचे ओझे डोक्यावर घेते, हे वाचून आम्ही त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवले. त्यानंतरही बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडले. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोचली आणि तेथील पंडितांनी या बावीस पावसाळेही न पाहिलेल्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. ती विद्या कोठल्या पाठशाळेतली नव्हती. एका जोडप्याच्या पायपिटीतली होती.

दरम्यान रेल्वे आली. १८६४ साली मुंबई-बडोदे लोहमार्ग वसईची खाडी ओलांडून मुंबईला भिडला. आमच्या भाईंदरच्या मिठागरांशेजारून गाड्या धावू लागल्या. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता जोडले गेले. गाठोडे, पडशी, कावड यांच्या जागी ट्रंक, वळकटी आणि फिरकीचा तांब्या आला. ओझे वाढले, कारण ते आता पाठीवर न्यायचे नव्हते. हमाल आला होता.

या नव्या प्रवासातले जोडपे म्हणजे न्यायमूर्ती रानडे आणि रमाबाई. लग्न १८७३ सालचे. ती अकरा वर्षांची, ते एकतिसाचे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे रमाबाईंचे पुस्तक १९१० साली निघाले, आणि त्याचा पुष्कळसा भाग प्रवासाचा आहे. बदल्या, जिल्ह्याजिल्ह्यांतले दौरे, १८८६ नंतर फायनान्स कमिटीच्या निमित्ताने सिमला आणि कलकत्ता. ट्रंका उचलायला माणसे होती. रमाबाईंचे ओझे वेगळे होते. घरच्या बायकांच्या रोषातून चोरून शिकायचे, प्रत्येक नव्या गावी नव्या भाषेला आणि नव्या रीतीला तोंड द्यायचे. कलकत्त्याच्या मुक्कामात, बंगाली येत नाही याची रानड्यांनाच खंत वाटली. त्यांनी पुस्तके आणवली, हजामत करताना न्हाव्याकडून उच्चार सुधारून घेतले आणि तेच धडे बायकोला दिले. हायकोर्टाच्या न्यायासनापर्यंत पोचलेला माणूस न्हाव्याचा शिष्य होतो आणि लगेच घरी मास्तर होतो, ही गोष्ट गमतीची खरीच. पण परक्या गावी गेल्यावर तिथल्या माणसाकडून काही शिकावे, ही प्रवासाची अट त्यात पुरी होते. कोठे जायचे, किती दिवस राहायचे, हे मात्र सरकार ठरवी आणि रानडे सांगत. रमाबाईंच्या वाट्याला बरोबर जाणे होते.

तिसऱ्या जोडप्यात तेही नव्हते. नारायण वामन टिळकांना पायी भटकण्याची ओढ होती. मनात आले की ते निघत. पैसा किंवा सामान यांची फिकीर त्यांनी कधी केली नाही. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तले टिळक हे ओझ्याविना प्रवास करणाऱ्या माणसाचे मराठीतले सर्वांत जिवंत चित्र आहे, आणि त्या ओझ्याचे पुढे काय होई हेही त्याच पुस्तकात कळते. ते लक्ष्मीबाईंकडे येई. नाशिक, राजनांदगाव, पंढरपूर, अहमदनगर असे त्यांचे संसार मांडणे आणि मोडणे चालले. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लहान मुलाला घेऊन लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. मग त्या स्वतः चालत त्या वाटेपर्यंत आल्या आणि १९०० साली, नवऱ्याने ओढले म्हणून नव्हे तर स्वतःला पटले म्हणून, त्यांनी तो धर्म स्वीकारला. नवरा पाच वर्षे आधी जेथे पोचला तेथे त्या आपल्या पायांनी आणि आपल्या वेळेला पोचल्या. हा आमच्या मते मराठीतला एक थोर प्रवास आहे.

या तिन्ही जोडप्यांच्या प्रवासांची हकीकत आपल्यापर्यंत आली ती बायकांच्या हातून. एकदा मुलगी लिहिते, दोनदा पत्नी. पुरुषांनी व्याख्याने दिली, निकाल लिहिले, कविता केल्या. वाटेवर काय शिजले, कोण आजारी पडले, कोणाचे पाय सुजले, हे बायकांनी लिहिले. ओझे ज्याने उचललेले असते त्यालाच त्याचे वजन आठवते.

पाठीवर सॅक टाकून केवळ पाहण्यासाठी देश हिंडणारे जोडपे आपल्याकडे दिसू लागले ते १९६० नंतर, युरोपातून खुष्कीने काठमांडू आणि गोव्याकडे येणाऱ्या तरुणांबरोबर. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे त्यांतलेच. १९७२ साली लंडनहून निघून आशिया ओलांडत ते सिडनीला पोचले तेव्हा त्यांच्यापाशी २७ सेंट उरले होते. १९७३ साली घरच्या टेबलावर जुळवलेल्या त्यांच्या पुस्तिकेतून 'लोनली प्लॅनेट' उभे राहिले, आणि १९८१ साली त्यांचा भारतावरचा जाडजूड मार्गदर्शक आला. तोवर खुष्कीची वाट बंद झाली होती. १९७९ साली इराणात क्रांती झाली आणि अफगाणिस्तानात सोविएत फौजा शिरल्या. सॅक मात्र राहिली. आपली मध्यमवर्गीय जोडपी त्या काळात सहल-कंपन्यांबरोबर काश्मीरला जाऊन वरणभात खात होती. पुढच्या पिढीने सॅक उचलली.

त्या पिढीत आम्ही दोघे मोडतो. २००४ साली मीरा रोडच्या भाड्याच्या घराला कुलूप लावून आम्ही सव्वा महिना उत्तरेकडे हिंडलो. निघण्याआधी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या काट्यावर दोन्ही सॅक तोलल्या होत्या: अकरा किलो, अकरा किलो. समतेचा एवढा चोख पुरावा हाती असल्याने आम्ही खुशीत होतो. एका लॉजवाल्याने लग्नाचा दाखला मागितला, त्यावर आम्ही तावातावाने भांडलोही. परवा त्या प्रवासाची वही काढून पाहिली. पानोपानी 'आम्ही' आहे. आम्ही गेलो, आम्ही पाहिले, आम्ही दमलो. औषधांची पिशवी कोणाच्या सॅकमध्ये होती, दर दोन दिवसांनी एसटीडी बूथ शोधून दोन्ही घरच्या आईवडिलांना फोन कोण करी, धुतलेले कपडे वाळले की नाही हे कोणाच्या ध्यानात असे, यांतले काहीही वहीत नाही. वही आमच्यांपैकी एकाने लिहिली होती. बाकीची सारी उठाठेव एकीने केली होती. काट्यावर ते वजन आले नव्हते.

'आम्ही' हा शब्द मराठीत फार सोयीचा आहे. त्यात दोन माणसे मावतात आणि एक सहज लपते. प्रस्तुत लेखही त्याच शब्दात लिहिला आहे, म्हणून सांगणे भाग आहे की या वेळी मजकुराची प्रत्येक ओळ दोघांनी वाचली, आणि वरचा परिच्छेद वहीवाल्याने नव्हे, दुसरीने लिहिला आहे.

मीरा-भाईंदर हे शहरच मुळी पाठीवर बिऱ्हाड घेऊन आलेल्या जोडप्यांचे. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. गिरगाव-परळच्या चाळींतून, कोकणातून, पार उत्तरेतून माणसे आली आणि येथे त्यांनी ओझे खाली ठेवले. यांतल्या प्रत्येक घरी एका प्रवासाची गोष्ट आहे, आणि ती बहुधा नवऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळते.

त्या दिवशी बस आली तेव्हा कोळणी आधी चढल्या. परदेशी मुलीची सॅक दारात अडकली. तिच्या जोडीदाराने हात पुढे केला, तिने मान हलवली आणि पट्टा सैल करून स्वतःच ती आत ओढून घेतली. आजी म्हणाल्या, "हट्टी आहे." आमच्यांपैकी एकीला त्यावर काही बोलावेसे वाटले होते. ते तेव्हा राहून गेले, म्हणून हा लेख.