यंत्राच्या डोक्यात किती मावतं?

पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांपुढे पुणे विद्यापीठाची प्रश्नपत्रिका येते. तिच्या सूचनांमध्ये वर्षानुवर्षं एक ओळ छापून आली आहे: लॉगॅरिथमची कोष्टकं, स्लाइड रूल, मोलिअर चार्ट, इलेक्ट्रॉनिक पॉकेट कॅल्क्युलेटर आणि स्टीम टेबल वापरायला परवानगी आहे. एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर १९७२ साली आला आणि स्लाइड रूल बघता बघता अडगळीत गेला. सूचनेतून मात्र तो हलला नाही. ज्यांनी तो कधी पाहिलाही नाही, त्यांनाही तो वापरायची मुभा आहे!

परीक्षा घेणाऱ्यांना खरी धास्ती होती ती यंत्राच्या स्मरणशक्तीची.

या स्मरणशक्तीला एकेकाळी अख्खी खोली लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला संगणक १९६० साली सुरू झाला. पुढे त्याचं नाव पडलं टिफ्रॅक. त्यातल्या शेवटच्या दोन इंग्रजी अक्षरांचा अर्थ ‘ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर’. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि फेराइटच्या बारीक कड्यांची मेमरी. तिच्यात प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम १० केबी. तरीही हे धूड कॅथोड-रे ट्यूबच्या पडद्यावर आलेख काढून दाखवायचं.

आलेख काढणारा पहिला खिशातला कॅल्क्युलेटर, कॅसिओचा एफएक्स-७०००जी, १९८५ साली आला. प्रोग्रॅमसाठी त्यात ४२२ बाइट होते आणि आकडे साठवायला ए ते झेड ही २६ अक्षरं. ती कमी पडली, तर ‘डीईएफएम’ ही आज्ञा देऊन आणखी जागा घेता यायची, पण फुकट नाही: प्रत्येक जादा आकड्यामागे प्रोग्रॅमचे ८ बाइट जायचे. दहा आकडे वाढवले की ८० बाइट गेले. पूर्ण ताणलं, तर ७८ आकडे साठत आणि प्रोग्रॅमला हाती उरत फक्त सहा बाइट. आकडे ठेवायचे की कृती, हे वापरणाऱ्याने आधीच ठरवायचं.

महाराष्ट्रातल्या परीक्षांना ही चैन कधी मानवली नाही. बारावीला कॅल्क्युलेटरच नाही, लॉग टेबल उघडायचं. इंजिनिअरिंगला कॅल्क्युलेटर चालतो, पण प्रोग्रॅमेबल म्हटला की पर्यवेक्षकाच्या कपाळाला आठी; त्याच्या पोटात सूत्रं दडवता येतात ना! त्यामुळे इथल्या पिढ्यांचं ‘मेमरी मॅनेजमेंट’ कॅसिओच्याच एफएक्स-८२एमएस आणि ९९१एमएस यांच्यावरच पार पडलं. त्यांत आकडे ठेवायला ए ते एफ, एक्स, वाय आणि एम अशी नऊ अक्षरं. उत्तर आलं की शिफ्ट, एसटीओ आणि अक्षर दाबायचं. कॅल्क्युलेटर बंद केला तरी आकडा शाबूत राहतो. एम जरा जपून वापरायचं, कारण एम-प्लस दाबलं की बेरीज त्यातच जमा होते.

खोच आहे ती वेगळीच. याच यंत्रांत ‘पोल’ किंवा ‘रेक’ ही बटणं वापरून सहनिर्देशक बदलले, की उत्तराचे दोन्ही आकडे न विचारता ई आणि एफमध्ये जाऊन बसतात. इलेक्ट्रिकलच्या गणितात हे सतत लागतं. आधीच्या पायरीचा इम्पिडन्स ज्याने ई मध्ये ठेवला असेल, त्याचा तो आकडा गेलाच. यंत्र चूकही दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी काही चुकलेलंच नसतं. म्हणून कामाचे आकडे ए ते डी मध्येच ठेवलेले बरे.

२०१६ पासून पदव्युत्तर इंजिनिअरिंगच्या गेट या प्रवेशपरीक्षेने स्वतःचा कॅल्क्युलेटर नेण्याचा प्रश्नच मिटवला. आता तो संगणकाच्या पडद्यावर असतो, माउसने दाबायचा. त्यात नऊ अक्षरं नाहीत, मेमरी एकच: एमएस दाबून ठेवायचं, एमआर दाबून काढायचं. दुसरा आकडा लक्षात ठेवायचा, तर हाताशी दिलेला कच्चा कागद आहेच.