लाकडाच्या आत दडलेली नक्षी

यवतमाळ जिल्ह्याला सागवानाचे नवल नाही. पांढरकवडा, घाटंजी, उमरखेड भागांतल्या जंगलांतला साग इथल्या घरांच्या चौकटींत, दिवाणांत आणि पेट्यांत दिसतो. पण या लाकडावर काम करणाऱ्या सुताराच्या तोंडचे शब्द पाहिले, तर जंगलापलीकडचा एक मोठा प्रदेश डोळ्यांपुढे येतो. रंधा आणि तख्त हे शब्द फारसी. खुर्ची, संदूक, नक्षी यांचे मूळ अरबी. वऱ्हाडात १४९० पासून अचलपूरची इमादशाही होती. १५७४ मध्ये ती निजामशाहीने जिंकली आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. ‘ऐने अकबरी’त कळंब हे सरकार आहे, तर यवतमाळ ‘योत-लोहारा’ या नावाने परगण्याचे ठाणे म्हणून येते. पुढे निजामाचा काळ आला, तो १८५३ पर्यंत.

या राजवटींबरोबर शब्द आले, तशी सजावटीची दृष्टीही आली. बीदरच्या किल्ल्यातला रंगीन महाल हे तिचे जवळचे उदाहरण. अली बरीदशाहच्या काळातल्या (१५४२–१५८०) या वास्तूत लाकडी खांबांवर कोरीव काम आहे आणि काळ्या दगडात मोत्याच्या शिंपल्याचे तुकडे जडवलेले आहेत. फत्तेपूर सिक्रीला सलीम चिश्तींच्या कबरीवरचे लाकडी छत्र अशाच शिंपल्यांनी मढवले आहे. पृष्ठभाग खाचायचा, खाचेत दुसरा पदार्थ नेमका बसवायचा, ही जडावकामाची एक रीत. सतराव्या शतकात गोव्यात बनलेल्या, अनेक खणांच्या ‘कोंतादोर’ कपाटांतही ती दिसते. सागवानावर काळ्या आबनुसाची, एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची नक्षी आणि मध्ये हस्तिदंताचे ठिपके. कपाट पोर्तुगीज गिऱ्हाइकाच्या सोयीचे, पण त्याचे पाय कित्येकदा नागकन्येच्या आकाराचे.

दुसरी रीत अधिक चकित करणारी आहे. तिला सादेली म्हणतात. इराणातल्या शिराझच्या ‘खातम’ कामाशी तिचे नाते आहे. ही कला शिराझहून सिंधमार्गे मुंबईला आली, असे जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. सुरत आणि मुंबई ही तिची मुख्य केंद्रे.

यात नक्षी लाकडावर काढत नाहीत. आबनूस, पतंगाचे तांबडे लाकूड, हस्तिदंत, हिरवे रंगवलेले हाड आणि कथील यांच्या बारीक, लांब, तीनधारी काड्या करतात. समभुज त्रिकोणी काड्या एका बिंदूभोवती सहा बसतात आणि षट्कोन तयार होतो. त्याच्या कडांना आणखी काड्या लावल्या की तारा होतो. ही जुडी सरसाने घट्ट चिकटवून आडवी कापली, की प्रत्येक चकतीवर तोच तारा उमटतो. त्या पातळ चकत्या चंदनाच्या किंवा इतर लाकडाच्या पेटीवर चिकटवायच्या. इस्लामी कलेत भूमितीची नक्षी कुठेही न संपता पसरत जाते. इथे ती कारागिराने लाकडाच्या आतच साठवून ठेवलेली असते.

१८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात या पेट्या मांडल्या गेल्या आणि ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून त्यांचे नाव झाले. आतले कप्पे इंग्रजी सवयीचे होते, लिखाणाचे वा शिवणकामाचे. म्हणून आज जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना ‘अँग्लो-इंडियन’ म्हणतात. या नावात गिऱ्हाईक उरते. शिराझची भूमिती आणि इथल्या कारागिराचा हात मात्र गळतो.

नाव चुकले की निगाही चुकते. ‘जुनी इंग्रजी पेटी’ समजून कुणी तिला काचकागदाने घासून पॉलिश करतो आणि कागदासारखी पातळ चकती कायमची जाते. ऋतूप्रमाणे लाकूड आकसते-फुगते, कथील त्याच्या बरोबरीने हलत नाही. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सरस वाळून तुकडे सुटू लागतात. सुटलेला तुकडा फेकू नये, पुडीत जपून ठेवावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद केला, आणि ते योग्यच झाले. त्यामुळे गेलेला मूळ तुकडा पुन्हा विकत मिळणार नाही. घरातल्या जुन्या पेटीवर सहा टोकांचा बारीक तारा दिसला, तर तिच्यावर रंध्याचा किंवा काचकागदाचा हात पडू देऊ नये. ज्या भाषेने रंध्याला नाव दिले, तिच्याच मुलखातून तो ताराही आला आहे.