विद्युत् शक्ती व ऊर्जा यांची एकके

विद्युत् प्रवाहाकडून कार्य होण्याच्या त्वरेस विद्युत् शक्ती आणि ठराविक कालावधीत झालेल्या एकूण कार्याइतक्या राशीस विद्युत् ऊर्जा म्हणतात. ऊर्जेचे एकक जूल असून दर सेकंदास एक जूल या त्वरेस एक वॉट म्हणतात. शक्ती ही त्वरा व ऊर्जा ही राशी हा भेद विजेची विक्री सुरू झाल्यावर विशेष महत्त्वाचा ठरला. कारण ग्राहक वापरतो ती ऊर्जा होय.

एकके : शक्तीच्या मापनाची गरज विजेपूर्वीच भासली होती. जेम्स वॉट यांनी वाफ एंजिनाची तुलना घोड्याशी करण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस अश्वशक्ती हे एकक रूढ केले. मिनिटास ३३,००० फूट-पौंड कार्य म्हणजे एक अश्वशक्ती असून ती सु. ७४६ वॉट भरते. यूरोपातील मेट्रिक अश्वशक्ती सु. ७३५·५ वॉट आहे. जेम्स प्रेस्कॉट जूल यांच्या १८४०–५० या काळातील प्रयोगांमुळे यांत्रिक कार्य, उष्णता व वीज यांना एकच माप लावता येते, हे स्पष्ट झाले. पॅरिस येथील १८८१ च्या विद्युत् परिषदेने व्होल्ट, अँपिअर इ. एकके मान्य केली. विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये वॉट व जूल ही नावे सुचविली आणि १८८९ च्या पॅरिस परिषदेने ती स्वीकारली.

व्यापारी एकक : घरगुती हिशेबास जूल फार लहान पडतो. ब्रिटनमधील १८८२ च्या विद्युत् प्रकाश कायद्यान्वये निघालेल्या आदेशांत एक व्होल्ट दाबाखाली १,००० अँपिअर प्रवाह एक तास वाहिल्यास मिळणाऱ्या ऊर्जेस ‘युनिट’ म्हटले गेले. हेच किलोवॉट-तास होय. तासात ३,६०० सेकंद असल्याने एक युनिट म्हणजे ३६ लक्ष जूल. १०० वॉटचा दिवा दहा तास किंवा १,००० वॉटची शेगडी एक तास चालल्यास सारखीच, म्हणजे एक युनिट, ऊर्जा खर्च होते.

मापक : न्यूयॉर्क येथील पर्ल स्ट्रीट केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. टॉमस एडिसन यांच्या मापकात प्रवाहाचा अल्पांश जस्ताच्या पट्ट्यांमधून विद्रावातून जाई. पट्ट्यांच्या वजनातील फरकावरून देयक ठरे. या मापकाने वस्तुतः विद्युत् भार मोजला जाई. दाब स्थिर असल्यासच त्यावरून ऊर्जा काढता येत असे. प्रत्यावर्ती प्रवाहात हा मापक निरुपयोगी होता. शिवाय त्या प्रवाहात दाब व प्रवाह यांच्या गुणाकारास शक्तिगुणकानेही गुणावे लागते. ऑटो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये तयार केलेल्या प्रवर्तन मापकामुळे अशा प्रवाहाची ऊर्जा थेट नोंदविता येऊ लागली.

भारतातील एक प्रश्न : अनेक राज्यांत कृषिपंपांचे देयक दीर्घकाळ चलित्राच्या अश्वशक्तीवर आकारले गेले. अश्वशक्ती ही क्षमता असून तीवरून वापर कळत नाही. ५ अश्वशक्तीचे चलित्र पूर्ण भाराने चार तास चालल्यास ते सु. १४·९ युनिट यांत्रिक कार्य देते. कार्यक्षमता ८०% धरल्यास सु. १८·६ युनिट वीज लागते. तेच चलित्र आठ तास चालल्यास वीज दुप्पट लागते, पण आकारणी तीच राहते. अशा पद्धतीत मापकाविना वापर अंदाजाने धरावा लागतो. त्यामुळे शेतीस गेलेली वीज कोणती व गळती अथवा चोरी कोणती, हे निश्चित सांगता येत नाही. त्याचा भार मापक असलेल्या ग्राहकांवर किंवा शासनावर पडतो. २००३ च्या विद्युत् कायद्याने दोन वर्षांनंतर मापकाविना पुरवठा करू नये असे ठरविले. तथापि मुदतीनंतरही असे अनेक पंप राहिले.

एककांच्या व्याख्या मात्र अधिकाधिक काटेकोर होत गेल्या. लंडन येथील १९०८ च्या परिषदेने ठरविलेली आंतरराष्ट्रीय एकके १९४८ मध्ये मागे पडली आणि २० मे २०१९ पासून जूलची व्याख्या प्लांक स्थिरांकाच्या निश्चित मूल्यावर आधारली आहे.